वाहतूक कोंडीतील राग आणि दुचाकीस्वाराची सुरक्षितता

सकाळी नऊच्या सुमारास म्हापशाहून पणजीकडे येणाऱ्यांना पर्वरी सोडून मांडवीच्या पुलाकडे उतरताना एक दृश्य रोज दिसते. चारचाकींच्या रांगा मुंगीच्या पावलाने सरकत असतात आणि त्यांच्या मधून, कडेने दुचाकींचा ओघ पुढे जात असतो. एखादी मोटार अचानक हातभर उजवीकडे सरकते, मधली फट बुजते, मागचा स्कूटरस्वार ब्रेक दाबतो, हॉर्न वाजतो, काच खाली येते आणि शब्दाला शब्द लागतो. बहुतेक वेळा प्रकरण तेवढ्यावर मिटते. काही वेळा मात्र आरसा तुटतो, कोणी गाडीतून खाली उतरतो, कोणी पाठलाग करतो आणि कोणी रस्त्यावर पडतो. पडणारा बहुधा दुचाकीवरचाच असतो.

संथ वाहतुकीतील हा संघर्ष किरकोळ मानला जातो, कारण वेग कमी असतो. परंतु दोन वाहनांच्या मध्ये पडलेल्या माणसाच्या डोक्यापासून बसचे चाक हातभर अंतरावर असते, तेव्हा वेग कमी असल्याचा फारसा उपयोग होत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होते. गोव्यात नोंदणीकृत वाहनांत सर्वांत मोठा वाटा दुचाकींचा असल्याने हा विषय येथे घरोघरीचा आहे. चारचाकी चालकाच्या आक्रमक वर्तनाला दुचाकीस्वाराने कसे सामोरे जावे, कायदा कोणाच्या बाजूने कितपत उभा राहतो आणि चारचाकी चालकाने कोणती काळजी घ्यावी, याचा विचार या लेखात केला आहे.

गोव्यातील कोंडीचे स्वरूप

गोव्यातील अनेक रस्ते वाडीवस्तीतून वळणे घेत जाणारे आणि दोन्ही बाजूंना घरांचे गडगे असलेले आहेत. त्यांचे रुंदीकरण सहज होत नाही. साडेपाच मीटर रुंदीच्या रस्त्यावर पावणेदोन मीटर रुंदीच्या दोन मोटारी समोरासमोर आल्या, की दोन मीटरच शिल्लक राहतात. त्यात दोन्ही कडा आणि मधले अंतर आले. दुचाकीच्या हँडलची रुंदी पाऊण मीटरच्या आसपास असते. अशा ठिकाणी कोंडीतून पुढे जाण्याची वाट कागदावरही नसते. कळंगुट-कांदोळीच्या किनारी पट्ट्यात हंगामात हीच अडचण होते.

महामार्गावरील स्थिती वेगळी आहे. मांडवीवरील तिसरा पूल, अटल सेतू, याचे उद्घाटन २७ जानेवारी २०१९ रोजी झाले. त्यावर दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना प्रवेश नाही. त्यामुळे पर्वरी आणि पणजी यांच्यामधील दुचाकींची सारी वाहतूक जुन्या दोन पुलांवरूनच होते आणि तेथे तिला कदंब बस, खासगी बस, टॅक्सी व शहरात जाणाऱ्या मोटारी यांच्याबरोबर जागा वाटून घ्यावी लागते.

या गर्दीत सर्वांना रस्त्याची सारखीच ओळख नसते. भाड्याच्या मोटारीतून फिरणारा पर्यटक भ्रमणध्वनीवरील नकाशा पाहत शेवटच्या क्षणी वळतो. भाड्याची दुचाकी घेतलेला पर्यटक हेल्मेट आरशाला अडकवून चालतो. रोज याच रस्त्यावर पोट भरणारा मोटारसायकल पायलट, फॅक्टरीची पाळी गाठणारा कामगार आणि मुलाला शाळेत सोडणारी आई याच ओघात असतात. पायलटाचा हात मोडला, तर त्याची कमाई त्याच दिवशी थांबते. म्हणून संघर्ष टाळण्याचा प्रश्न त्यांच्यासाठी शिष्टाचाराच्या पलीकडचा आहे.

वैर की नजरचूक?

समोरच्याने मुद्दाम वाट अडवली, असे दुचाकीस्वाराला वाटते, तेव्हा अनेकदा त्याला कोणी पाहिलेलेच नसते. अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे नऊशे मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात दोन वाहनांच्या टकरींपैकी सुमारे दोनतृतीयांश टकरींत दुसऱ्या वाहनाच्या चालकाने मोटारसायकलस्वाराचा मार्गहक्क मोडल्याचे आढळले. त्यातील नेहमीचे कारण म्हणजे चालकाला मोटारसायकल दिसली नव्हती, किंवा फार उशिरा दिसली. युरोपातील पाच देशांत ९२१ अपघातांवर झालेल्या ‘मेड्स’ या अभ्यासातही इतर वाहनचालकांच्या चुकांत न दिसण्याची चूक सर्वांत मोठी ठरली. त्याच अभ्यासातील एक निष्कर्ष आपल्यासाठी बोलका आहे. ज्या मोटारचालकांकडे दुचाकीचाही परवाना होता, त्यांच्याकडून ही चूक कमी झाली. गोव्यातील अनेक चारचाकी चालकांनी तरुणपण दुचाकीवर काढले आहे. ती जुनी नजर त्यांनी स्टिअरिंगमागे बसल्यावरही जपली, तर बरेच साधेल.

दुचाकी न दिसण्याची कारणे साधी आहेत. मोटारीच्या समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब आता पूर्वीपेक्षा जाड असतात. त्यांच्या आड एक स्कूटर सहज लपते. बाजूच्या आरशात मागचे वाहन दिसते, पण मागच्या दाराच्या आसपास आलेले वाहन आरशातून निसटते. बस आणि ट्रकच्या बाबतीत हा आंधळा पट्टा कितीतरी मोठा असतो. शिवाय रांगेत थांबलेल्या चालकाचे लक्ष पुढच्या बंपरवर खिळलेले असते. बाजूने काही येईल, ही अपेक्षाच त्याच्या मनात नसते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप पेटतो. ती सोय याच उणिवेवर उपाय म्हणून आली.

यातून दुचाकीस्वाराला पहिला नियम मिळतो. समोरच्याने आपल्याला पाहिले आहे, असे कधीही गृहीत धरू नये. मोटारीच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत असेल, तर त्यालाही आपण दिसण्याची शक्यता आहे. चेहरा दिसत नसेल, तर आपण त्याच्यासाठी अस्तित्वातच नाही, असे समजून चालवावे. आणि कोणी अंगावर गाडी आणली, तर पहिल्या वेळी ती नजरचूक मानावी. असे मानल्याने मन शांत राहते आणि हात ब्रेकवर राहतो.

राग कशातून येतो

तरीही खरा आक्रमकपणा असतोच. त्याचे मूळ बहुधा न्यायबुद्धी दुखावली जाण्यात असते. रांगेत पंधरा मिनिटे अडकलेल्या मोटारचालकाला मागून आलेली दुचाकी पुढे जाताना दिसते, तेव्हा रेशनच्या रांगेत कोणी मध्ये घुसावे तसे त्याला वाटते. वास्तविक दुचाकी पुढे गेल्याने त्याचा वेळ वाढत नाही. उलट तीच दुचाकी रांगेत मोटारीसारखी उभी राहिली, तर रांग लांबते. पण रागाला हे गणित सुचत नाही. त्यात आरशाला धक्का लागण्याची, रंगावर ओरखडा उठण्याची धास्ती असते. मागच्या वेळी असा ओरखडा पाडून गेलेला स्वार सापडलेला नसतो, त्याचा राग आज दुसऱ्यावर निघतो.

दुचाकीस्वाराची बाजूही समजून घ्यावी लागते. मोटारचालक वातानुकूलित गाडीत बसलेला असतो. दुचाकीवरचा ऊन, पाऊस, धूर आणि दोन पायांमधील तापलेले इंजिन सोसत उभा असतो. बराच वेळ थांबले, की तोल सांभाळूनच पाय अवघडतात. पुढे सरकण्याची त्याची घाई नेहमीच बेफिकिरीची नसते.

मात्र दुचाकीस्वारांच्या ज्या सवयी राग पेटवतात, त्या मान्य केल्या पाहिजेत. पदपथावरून गाडी नेणे, समोरून येणाऱ्यांच्या लेनमध्ये घुसून मग मध्येच शिरकाव मागणे, डाव्या बाजूने वेगाने पुढे जाणे, हालायला जागा नसलेल्या मोटारीमागे अखंड हॉर्न वाजवणे, जाता जाता बॉनेटवर थाप मारणे, या गोष्टी रोज घडतात. त्याचे मोल त्याच रस्त्यावरून पाच मिनिटांनी येणाऱ्या सरळमार्गी स्वाराला चुकवावे लागते.

रांगांमधून जाणे : नियम आणि अनुभव

थांबलेल्या वा संथ वाहनांच्या दोन रांगांमधून दुचाकी नेण्याला भारतीय कायद्यात स्वतंत्र परवानगी नाही. मोटार वाहन (वाहन चालविणे) विनियम, २०१७ हे लेनची शिस्त पाळणे, संकेत देऊनच लेन बदलणे आणि सर्वसाधारणपणे उजवीकडून ओव्हरटेक करणे सर्वांना बंधनकारक करतात. पुढचे वाहन उजवीकडे वळण्याचा संकेत देऊन रस्त्याच्या मध्याकडे सरकले असेल, तेव्हा त्याच्या डावीकडून जाता येते. त्याचबरोबर ज्याला ओव्हरटेक केले जात आहे, त्या चालकाने वेग वाढवून किंवा अन्य प्रकारे मागच्याची वाट अडवू नये, हाही नियम आहे. म्हणजे दुचाकीस्वार चुकला असला, तरी त्याला अडवण्याचा किंवा धडा शिकवण्याचा अधिकार मोटारचालकाला मिळत नाही.

इतर काही ठिकाणी या प्रथेला मर्यादा घालून मान्यता दिली गेली. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने १ जुलै २०१४ पासून ताशी ३० किलोमीटरपेक्षा कमी वेगात, पूर्ण परवाना असलेल्या स्वारांना रांगांमधून जाण्यास मुभा दिली. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०१७ पासून ही प्रथा कायद्याने मान्य केली. त्या राज्यातील बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये सुमारे सहा हजार मोटारसायकल अपघातांचा अभ्यास मांडला. आजूबाजूच्या वाहतुकीपेक्षा दुचाकीचा वेग ताशी १५ मैलांहून, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरहून अधिक नसेल, तर दुखापतीचा धोका विशेष वाढत नाही. त्यापुढे तो वाढू लागतो, असे त्यांना दिसले.

तेथील लेन रुंद आणि आखीव आहेत, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे येथे लावता येणार नाहीत. पण वेगातील फरकाचा धडा सर्वत्र सारखा आहे. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते, ४० च्या वेगाने अकरा मीटर. मोटारीची लांबी चार मीटरच्या आसपास असते. एखाद्या गाडीचे दार उघडले आणि ब्रेक दाबायला एक सेकंद लागला, तर पहिला स्वार दीड मोटारीइतके अंतर आंधळेपणाने कापतो, दुसरा जवळजवळ तीन मोटारींइतके. म्हणून रांग पूर्ण थांबलेली असताना दुचाकीचा वेग धावत्या माणसापेक्षा अधिक नसावा. रांग हलू लागली, की फटीतून बाहेर येऊन एखाद्या वाहनामागे आपली जागा घ्यावी, कारण चालक त्याच क्षणी लेन बदलतात. बस किंवा ट्रक यांच्या दोन्ही बाजूंच्या फटीत कधीच शिरू नये. चौकाजवळ आणि बसथांब्यापाशी डाव्या कडेची वाट टाळावी; वळणारी बस आणि उतरणारा प्रवासी तेथेच भेटतात.

आक्रमक वर्तनाचे प्रकार आणि प्रतिसाद

मुद्दाम फट बुजवणे : पुढच्या मोटारीने आपल्याला पाहून वाट बंद केली, तर ती फट सोडून द्यावी. पुन्हा दुसऱ्या बाजूने घुसण्याचा प्रयत्न केल्यास चालक त्या बाजूलाही गाडी वळवतो आणि खेळ सुरू होतो. मागे राहून दोन-तीन वाहने मध्ये येऊ द्यावीत.

मागून चिकटणे, हॉर्न आणि अप्पर : मागचा चालक बंपर लावून येत असेल, तर अचानक ब्रेक मारून त्याला घाबरवण्याचा मोह आवरावा. धडक बसली, तर दुचाकीस्वाराच्या मागे चेसिस नसते, पाठीचा कणा असतो. डावा इंडिकेटर देऊन हळूहळू कडेला व्हावे आणि त्याला जाऊ द्यावे. थांबताना पुढच्या गाडीच्या अगदी मागे मध्यभागी थांबू नये. थोडे एका बाजूला, अर्ध्या गाडीचे अंतर ठेवून, पहिल्या गिअरमध्ये थांबावे. मागचे वाहन न थांबता आले, तर सुटायला वाट राहते.

कडेला दाबणे : बाजूची मोटार अंगावर सरकत असेल, तर वेग वाढवून पुढे निसटण्यापेक्षा वेग कमी करून मागे पडणे सुरक्षित असते. पुढे काय आहे, ते स्वाराला दिसत नाही. मागची रिकामी जागा त्याने नुकतीच पाहिलेली असते. एक लांब हॉर्न येथे रास्त आहे.

दार उघडणे : टॅक्सीथांबे, दुकानांसमोरील रांगा आणि बँकांच्या परिसरात थांबलेल्या मोटारीपासून दाराच्या रुंदीइतके, म्हणजे साधारण एक मीटर अंतर ठेवावे. ते शक्य नसेल, तर वेग पावलांवर आणावा.

शिवीगाळ : उत्तर देऊ नये, हातवारे करू नयेत, रोखून पाहू नये. आपली चूक झाली असेल, तर हात वर करून ती कबूल करावी. नसेल झाली, तरीही हात वर केल्याने काही जात नाही. अनेक भांडणे तेवढ्या एका खुणेने विझतात.

चालक गाडीतून उतरणे : शक्य असेल तर निघून जावे. निघता येत नसेल, तर इंजिन बंद करून गाडी स्टँडवर लावावी, हेल्मेट डोक्यावरच ठेवावे आणि दोघांच्या मध्ये दुचाकी राहील असे उभे राहावे. हेल्मेट हातात घेणे समोरच्याला हल्ल्याची तयारी वाटते आणि पुढे पोलिसांकडेही तसेच सांगितले जाते. आवाज खाली ठेवून, ‘पोलिसांना बोलावूया’ एवढेच म्हणावे.

पाठलाग : कोणी मागे लागले, तर घराकडे किंवा निर्जन वाटेकडे वळू नये. पोलीस स्थानक, पेट्रोल पंप किंवा गजबजलेली जागा गाठावी आणि थांबून ११२ या क्रमांकावर कळवावे. चालवता चालवता भ्रमणध्वनी काढू नये. मागे कोणी बसले असेल, विशेषतः मूल असेल, तर वादाचा पहिला शब्दही उच्चारू नये.

कायद्याचा आधार

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याबाबत आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा ओलांडणे, वाहन चालवताना हातात भ्रमणध्वनी वापरणे, नियमबाह्य ओव्हरटेक करणे आणि वाहतुकीच्या विरुद्ध दिशेने जाणे यांचाही त्यात समावेश झाला. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा १ हजार ते ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हे कलम दुचाकीस्वारालाही तितकेच लागू आहे. विनाकारण वा अखंड हॉर्न वाजवण्यासाठी कलम १९४-फ नुसार पहिल्या वेळी १ हजार आणि नंतर २ हजार रुपये दंड आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवण्याबाबत, तर कलम १२५ दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्या कृत्याबाबत आहे. अशा कृत्यातून गंभीर दुखापत झाल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. गाडी आडवी घालून वाट रोखणे हा कलम १२६ खाली गैररीत्या अडवणुकीचा गुन्हा होऊ शकतो, मारहाण कलम ११५ खाली आणि धमकी कलम ३५१ खाली येते. अपघातानंतर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाचे कर्तव्य आहे. जखमीला मदत करणाऱ्या वाटसरूला कलम १३४-अ संरक्षण देते. त्यामुळे पोलिसांच्या ससेमिऱ्याच्या भीतीने मागे हटण्याचे कारण उरलेले नाही. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तरी मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये भरपाई देण्याची केंद्राची योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे.

दुचाकीस्वाराची बाजू कायद्यात टिकायची असेल, तर त्याची स्वतःची कागदपत्रे आणि वर्तन स्वच्छ असले पाहिजे. परवाना, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र चालू असावे. हेल्मेट प्रमाणित असावे आणि त्याचा पट्टा बांधलेला असावा. हेल्मेट नसल्यास कलम १९४-ड नुसार १ हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी परवान्याची अपात्रता आहे. दंडापेक्षा महत्त्वाचे म्हणजे, संथ वाहतुकीत नुसते आडवे पडले तरी डोके थेट डांबरावर किंवा दुभाजकावर आपटते.

पुरावा कसा जपावा

तक्रार टिकते ती तपशिलावर. सुरक्षित ठिकाणी थांबल्यावर लगेच वाहनाचा पूर्ण क्रमांक, रंग, प्रकार, दिशा, वेळ आणि ठिकाणाची खूण लिहून ठेवावी. पाटीचा रंगही नोंदवावा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे टॅक्सी, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे म्हणजे स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिलेले वाहन. मागच्या वाहनात डॅशकॅम असल्यास त्या चालकाचा क्रमांक मागून घ्यावा. आसपासच्या दुकानांचे व चौकातले कॅमेरे कोठे आहेत, ते पाहून ठेवावे, कारण असे चित्रण काही दिवसांनी पुसले जाते. स्वतःकडे चित्रण असेल, तर मूळ फाइल जपावी. ते समाजमाध्यमांवर टाकून समोरच्याला बदनाम करण्याच्या फंदात पडू नये, पोलिसांकडे द्यावे.

घटना कोणत्या स्थानकाच्या हद्दीत घडली, याबद्दल संभ्रम असला, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस स्थानकात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. जखम झाली असेल, तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि दुखणे किरकोळ वाटले, तरी वैद्यकीय नोंद करून घ्यावी. रस्त्यावर रोख रक्कम घेऊन किंवा देऊन प्रकरण मिटवल्यास पुढे विम्याचा दावा अवघड होतो. हाडाला गेलेली बारीक चीर दुसऱ्या दिवशी कळते, तेव्हा समोरचा माणूस सापडत नाही.

चारचाकी चालकांसाठी

कोंडीत थांबलेले असताना दर थोड्या वेळाने दोन्ही आरसे पाहावेत. लेन बदलण्यापूर्वी इंडिकेटर द्यावा, दोन-तीन सेकंद थांबावे, खांद्यावरून मान वळवून पाहावे आणि मगच स्टिअरिंग फिरवावे. चालकाने आपल्या बाजूचे दार डाव्या हाताने उघडण्याची सवय लावावी. असे करताना शरीर आपोआप मागे वळते आणि मागून येणारी दुचाकी दिसते. मागे बसलेल्यांना, विशेषतः मुलांना, डाव्या दाराने उतरायला सांगावे. दुचाकीला जागा देण्यासाठी मोठे काही करावे लागत नाही. लेनमध्ये सरळ राहिले आणि हेलकावे टाळले, तरी पुरे. तिला जाऊ दिल्याने गमावले ते सेकंदही नसतात.

पावसाळ्यातील जादा काळजी

जूनपासून चार महिने हे सारे अधिक कठीण होते. महामार्गाच्या कामांजवळ तांबडी माती वाहून रस्त्यावर येते आणि तिचा गुळगुळीत थर बनतो. पांढरे पट्टे, लोखंडी पत्रे आणि पुलांवरचे सांधे ओले असताना टायर धरत नाहीत, म्हणून त्यांवर ब्रेक मारू नये वा वळू नये. मोटारींच्या काचांवर वाफ धरते, आरशांवर थेंब असतात. एरवी निम्मे दिसणारे त्या दिवसांत पावही दिसत नाही. अशा वेळी रांगांमधून जाणे पूर्ण थांबवावे. रेनकोट गडद रंगाचा असेल, तर त्यावर परावर्तक पट्टी लावावी. खड्ड्यातले पाणी उडवून गेलेल्या मोटारीमागे धावण्यात काहीच शहाणपण नाही. पाण्याखालचा पुढचा खड्डा दिसत नाही.

सहा मिनिटांचा हिशेब

दोन किलोमीटरची कोंडी ताशी दहा किलोमीटर वेगाने ओलांडायला बारा मिनिटे लागतात. फटीतून वाट काढत विसाच्या वेगाने गेल्यास सहा. वाचतात ती सहा मिनिटे. एक भांडण अर्धा तास खाते, पोलीस स्थानकातील जबाब अर्धा दिवस, मोडलेले मनगट सहा आठवडे. कार्यालयात किंवा शाळेत पोहोचायला दहा मिनिटे आधी निघणारा स्वार या हिशेबातून आपोआप सुटतो, कारण त्याला कोणाकडून फट मागावी लागत नाही. रोजच्या वाटेवर कोंडी कोठे आणि किती वाजता होते, हे प्रत्येकाला ठाऊक असते. घरातून निघण्याची वेळ त्यानुसार बदलावी. तरीही कोणी आक्रमकपणे वागलाच, तर आधी अंतर वाढवावे, मग क्रमांक टिपावा आणि तक्रार सुखरूप पोहोचल्यावर करावी.